खराडीची मिळकत : मोजणी की वाटणी?

राज्याचा अर्थसंकल्प मांडला जाण्यापूर्वी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ विधिमंडळापुढे ठेवण्याचा प्रघात आहे. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने सिद्ध केलेल्या या जाडजूड ग्रंथातले दोन-चार आकडे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतात. सरकार पक्ष वाढीच्या दराचा दाखला देतो, विरोधी पक्ष कर्जाच्या रकमेकडे बोट दाखवतो, आणि आठवडा उलटण्याच्या आत ग्रंथ कपाटात जातो. या आकड्यांच्या गर्दीत गेली अनेक वर्षे एक गोष्ट मात्र ठळकपणे दिसते. राज्याच्या उत्पन्नात सेवाक्षेत्राचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास आहे. शेते आणि कारखाने मिळून जेवढे उत्पन्न निर्माण करतात त्याहून अधिक उत्पन्न व्यापार, वाहतूक, बँका, शाळा, दवाखाने, कचेऱ्या आणि संगणकावरची कामे यांतून निर्माण होते, असा त्याचा अर्थ. तेव्हा महाराष्ट्र किती पुढे गेला हा प्रश्न बव्हंशी सेवाक्षेत्र किती वाढले असाच विचारावा लागतो. आणि नेमके हेच क्षेत्र मोजण्याची साधने सर्वांत तोकडी आहेत.

ही उणीव कोठे आणि कशी आहे हे पाहायचे तर पुण्याच्या पूर्वेस खराडीपर्यंत जावे. नगर रस्त्यापासून मुळा-मुठेच्या काठापर्यंत पसरलेले हे गाव नव्वदच्या दशकात महापालिकेच्या हद्दीत आले. २००५ साली विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा झाला आणि त्यानंतरच्या काळात ‘इऑन’ हे माहिती-तंत्रज्ञानाचे संकुल, ‘वर्ल्ड ट्रेड सेंटर’च्या उंच इमारती आणि त्यांच्या भोवती परदेशी बँकांची व संगणक-व्यवसायाची कार्यालये उभी राहिली. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या येतात, रात्रपाळी सुटते, आणि चहाच्या टपरीपासून इस्पितळापर्यंत सगळे काही या येण्याजाण्याच्या आधाराने चालते. एका पिढीत शेताची कचेरी झालेली अशी गावे महाराष्ट्रात फार नाहीत.

पुणे महापालिकेची जकात ३१ मार्च २०१३ रोजी संपली. तोवर नगर रस्त्याने शहरात शिरणारा माल नाक्यावर थांबत असे, पावती फाटत असे, आणि जकातीच्या चोऱ्यामाऱ्या कितीही होत असल्या तरी शहरात काय येते याची निदान एक वही भरत असे. जकात गेल्याचे दुःख कोणी करू नये. परंतु आज खराडीतून जे बाहेर जाते त्याची अशी वही कधीच नव्हती. लंडनमधल्या एखाद्या बँकेचा हिशेब रात्री खराडीत तपासला जातो आणि सकाळी तारेवरून परत जातो. वाटेत नाका लागत नाही.

कारखान्यांचे असे नसते. चाकण, भोसरी किंवा रांजणगाव येथील नोंदणीकृत कारखान्याकडे वार्षिक औद्योगिक पाहणीची प्रश्नावली येते. १९५९-६० पासून चालत आलेल्या या पाहणीत कामगार किती, पगार किती, कच्चा माल कितीचा आणि तयार माल कितीचा हे विचारले जाते. कारखान्यांची यादी पत्त्यासह असते, त्यामुळे अमुक मूल्य अमुक जिल्ह्यात निर्माण झाले असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. शिवाय औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक देशासाठी दरमहा निघतो. सेवाक्षेत्राला यांपैकी काहीच लाभले नव्हते. संघटित सेवा-व्यवसायांची वार्षिक पाहणी कशी घेता येईल याची चाचणी केंद्रीय सांख्यिकी खात्याने घेतली ती २०२४ साली. म्हणजे कारखान्यांची पाहणी सुरू झाल्यावर पासष्ट वर्षांनी.

मग मधल्या काळात सेवांचे आकडे आले कोठून? कंपन्यांच्या बाबतीत ते मुख्यतः कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे दाखल होणाऱ्या ताळेबंदांतून आले. २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरणारी मालिका जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झाली तेव्हा हा नवा आधार मोठ्या अभिमानाने सांगितला गेला होता. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७४ व्या फेरीत, २०१६-१७ साली, या कंपन्यांपैकी काहींच्या दारात पाहणी करणारे कर्मचारी प्रत्यक्ष गेले. निवडलेल्या कंपन्यांपैकी सुमारे ३६ टक्के कंपन्या एक तर सापडल्या नाहीत, बंद पडल्या होत्या, किंवा ज्या व्यवसायाच्या म्हणून नोंदल्या होत्या तो व्यवसाय करीत नव्हत्या. २०१९ साली हे बाहेर आले तेव्हा वादळ उठले. एकूण उत्पन्नाच्या आकड्यावर याचा परिणाम नाही, असे खात्याने सांगितले, आणि ताळेबंद दाखल करणाऱ्या कंपनीने काही तरी उत्पन्न मिळवले असणारच हा त्याचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. पण तो देशाच्या बेरजेपुरता ठीक. कोणत्या व्यवसायात आणि कोणत्या गावी हे उत्पन्न झाले असे विचारताच तो निरुपयोगी ठरतो, कारण ताळेबंदात गाव नसते. ज्या कंपनीचे मुख्यालय मुंबईत किंवा बंगळूरला आहे आणि जिची हजारो माणसे खराडीत काम करतात, तिच्या ताळेबंदात खराडी हा शब्द एखाद्या परिशिष्टात सापडला तरी पुष्कळ.

करांच्या नोंदींकडे वळावे तर तेथेही हीच अडचण. वस्तू व सेवा करासाठी एका राज्यात एका व्यवसायाला सामान्यतः एकच नोंदणी पुरते. विशेष आर्थिक क्षेत्रातील कार्यालयांची नोंदणी वेगळी असते हे खरे; परंतु त्या क्षेत्राच्या कुंपणाला लागून असलेल्या इमारतीत बसणारी कंपनी मुंबई, नागपूर आणि पुणे या तिन्ही ठिकाणची उलाढाल एकाच विवरणपत्रात दाखवते. राज्याला कर मिळतो, राज्याचा आकडाही मिळतो. जिल्हा मात्र त्यात विरघळून जातो. बँकांच्या कर्जाचे तर दोन हिशेब आहेत, एक कर्ज जेथे मंजूर झाले त्या ठिकाणाचा आणि दुसरा ते जेथे वापरले गेले त्या ठिकाणाचा. रिझर्व्ह बँक दोन्ही प्रसिद्ध करते, यावरूनच एका आकड्यावर विसंबता येत नाही हे तिला मान्य असल्याचे दिसते.

वाटपाचे गणित

जिल्ह्याचे उत्पन्न काढताना संचालनालयापुढे म्हणूनच फारसा पर्याय उरत नाही. पिकांचे आणि कारखान्यांचे आकडे जिल्हावार बऱ्याच अंशी मिळतात. सेवांच्या पुष्कळ शाखांत मात्र आधी राज्याचा आकडा घ्यायचा आणि तो काही निर्देशकांच्या आधारे जिल्ह्यांत वाटायचा, असे करावे लागते. कोठे कामगारांची संख्या, कोठे बँकांतील ठेवी आणि कर्जे, कोठे वाहनांची संख्या हे निर्देशक होतात. पद्धत चोरून वापरलेली नाही. जगात इतरत्रही अशीच वापरली जाते. परंतु जो आकडा वाटून आला त्याला मोजलेला आकडा म्हणणे ही भाषेची चूक आहे, आणि ती सरकारी कागदांत रोज होते.

वाटपाने काय होते हे एका कल्पित उदाहरणाने सांगता येईल. समजा, एका सेवेत दोनच जिल्हे आहेत आणि दोहोंत शंभर-शंभर माणसे काम करतात. पहिल्या जिल्ह्यात एक माणूस वर्षाला दहा लाखांची मूल्यवृद्धी करतो, दुसऱ्यात दोन लाखांची. राज्याचा एकूण आकडा बारा कोटी. हा आकडा कामगारसंख्येने वाटला की दोन्ही जिल्ह्यांना सहा-सहा कोटी मिळतात. पहिल्या जिल्ह्याचे चार कोटी कागदावर नाहीसे झाले आणि दुसऱ्याला न मिळालेले चार कोटी मिळाले. पहिला जिल्हा तक्रार करीत नाही, कारण त्याच्याकडे पैसा आहेच. दुसरा जिल्हा तक्रार करू शकत नाही, कारण कागदावर तो मागासलेला राहिलेला नाही. पुणे आणि नंदुरबार यांच्यात प्रत्यक्षात जेवढी दरी आहे त्याहून ती कमी दिसण्याची शक्यता या पद्धतीत मुळातच आहे. आणखी एक गोष्ट ओघाने येते. वाटपाचे प्रमाण जोवर बदलत नाही तोवर खराडीला भरभराटीचे वर्ष गेले की नंदुरबारचाही आकडा वर चढतो, मग नंदुरबारात एकही नवे दुकान उघडलेले नसो.

वाटपाचे प्रमाण तरी ताजे आहे काय? जिल्हावार कामगारांची खात्रीची मोजदाद जनगणनेत होते. शेवटची जनगणना २०११ ची. तीत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांच्या वर होती. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढची ठरली ती २०२७ साली. सहावी आर्थिक गणना २०१३ ची आहे. या दोन गणनांनंतरच्या वर्षांत खराडीत जे घडले ते या दोहोंपैकी कोणत्याही वहीत असणे शक्य नाही.

शाळा आणि बँक

कोठे निर्माण झाले हे ठरवणे असे कठीण; किती निर्माण झाले हे ठरवणे त्याहून कठीण आहे. गव्हाचे पोते आणि मोटारीचे चाक मोजता येते. शिकवण्याचे पोते नसते. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ या वर्षासाठी भारताचे दरडोई उत्पन्न २० रुपये काढले तेव्हा त्यांनी वस्तूंचेच उत्पादन हिशेबात धरले, सेवा धरल्या नाहीत. त्यांच्या काळच्या अर्थशास्त्राला ते धरून होते. पुढच्या काळातील हिशेबनिसांनी सेवा आत घेतल्या, पण ज्या सेवेला बाजारात किंमत नाही तिची किंमत कशी लावायची हा प्रश्न उरला. सरकारी सेवांपुरते त्याचे उत्तर असे ठरले की सेवेवर जेवढा खर्च झाला तेवढेच तिचे मूल्य. जिल्हा परिषदेच्या शाळेचे उत्पादन म्हणजे, थोडक्यात, शिक्षकांचा पगार आणि त्यावर थोडा इतर खर्च.

या नियमाचा विनोदी परिणाम २०२३ च्या आरंभी दिसला. प्राथमिक शाळांतील शिक्षणसेवकांचे मानधन दरमहा ६,००० रुपयांवरून १६,००० रुपये झाले. ही वाढ न्याय्य होती आणि उशिरा झाली होती. पण राज्याच्या हिशेबात त्या शिक्षणसेवकाची सेवा एका रात्रीत अडीचपटीहून अधिक झाली. वर्ग तोच, फळा तोच, मुले तीच. चालू किमतींचा हिशेब सोडून स्थिर किमतींकडे गेले तरी सुटका नाही, कारण तेथे महागाईचा दर वजा करतात, आणि महागाई त्या वर्षी १६७ टक्के नव्हती. याच्या उलट बाजूला विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या रकमेवर तेच गणित, तेच व्याकरण शिकवणारा शिक्षक आहे. त्याचे काम कमी पैशांत होते म्हणून हिशेबात ते कमी भरते. वेतन आयोगाची थकबाकी जमा होते त्या वर्षी सेवाक्षेत्राने झेप घेतली अशी वाक्ये भाषणांत येतात, तेव्हा ती झेप कोणत्या उंबरठ्यावरून घेतली गेली हे कारकुनांना आणि शिक्षकांना चांगले ठाऊक असते.

खराडीच्या काचेच्या इमारतींचा या शाळेशी काय संबंध, असे कोणास वाटेल. संबंध फार जवळचा आहे. परदेशी बँकेने स्वतःच्याच कामासाठी येथे कार्यालय उघडले असेल तर ते कार्यालय आपली सेवा बाजारात विकत नाही. ती आपल्याच मूळ कंपनीला देते. तिची किंमत दोन स्वतंत्र पक्षांच्या घासाघिशीतून ठरत नाही. बहुतेक वेळा झालेला खर्च आणि त्यावर ठराविक टक्के नफा, अशी आकारणी आपसातल्या करारात ठरते, आणि ती रास्त आहे की नाही हे आयकर खाते तपासते. म्हणजे पगार वाढले की सेवेचे मूल्य वाढले! तेथील एखाद्या मुलीने लिहिलेल्या प्रणालीमुळे त्या बँकेचे कोट्यवधी वाचले तरी ती बचत लंडनच्या किंवा झुरिकच्या नफ्यात दिसेल, आणि पुण्याच्या उत्पन्नात येईल तो तिचा पगार आणि वरचे काही टक्के. जिल्हा परिषदेची शाळा आणि परदेशी बँकेची कचेरी, दोन्ही अखेर एकाच मापाने मोजल्या जातात, आणि ते माप खर्चाचे आहे.

त्यावर रुपयाच्या भावाचा थर चढतो. २०११ च्या मध्यास डॉलरला ४५ रुपयांच्या आसपास पडत. २०२४-२५ मध्ये ८४ च्या आसपास पडू लागले. हजार डॉलरचे तेच काम २०११ साली ४५ हजारांचे होते, २०२४-२५ मध्ये ८४ हजारांचे झाले. यातली वाढ कामाची किती आणि चलनाच्या घसरणीची किती हे वेगळे काढायचे तर सेवांच्या किमतींचा निर्देशांक हवा. वस्तूंचा घाऊक किंमत निर्देशांक आहे, ग्राहक किंमत निर्देशांक आहे. सेवांचा सर्वंकष निर्देशांक नाही. मग मिळेल तो निर्देशांक लावला जातो. कापडाच्या दुकानात गजाऐवजी तागडी वापरावी तसे हे आहे.

इमारतींच्या बाहेर पडले की हिशेब आणखी पातळ होतो. खराडी, चंदननगर, वाघोली, मुंढवा या पट्ट्यात खानावळी आहेत, भाड्याने खाटा देणारी घरे आहेत, रिक्षावाले आहेत, घरोघर पार्सल पोचवणारे तरुण आहेत, धुणी-भांडी करणाऱ्या स्त्रिया आहेत, बारा-बारा तास उभे राहणारे पहारेकरी आहेत. यांच्याशिवाय संगणकासमोरचा माणूस एक दिवस काम करू शकणार नाही. असंघटित व्यवसायांची पाहणी पूर्वी पाच-सहा वर्षांनी एकदा होई. मधल्या वर्षांत संघटित क्षेत्र जेवढे वाढले त्या बेताने असंघटितही वाढले असे बऱ्याच ठिकाणी गृहीत धरले जाई. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या तेव्हा या गृहीतकाचे पितळ उघडे पडले. रोखीवर चालणारी टपरी बंद असताना तिचे उत्पन्न मात्र मोठ्या दुकानाच्या जोडीने वाढत राहिले, असे कागदाने सांगितले. आता ही पाहणी दरवर्षी होऊ लागली आहे, ही मोठी सुधारणा म्हटली पाहिजे. २०२३-२४ च्या पाहणीत शेती व बांधकाम सोडून देशात ७ कोटी ३४ लाख असंघटित आस्थापने आणि त्यांत १२ कोटींच्या वर माणसे आढळली. एवढ्या मोठ्या समुदायाचे उत्पन्न वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या वाढीवरून ताडले जात होते, हे ध्यानात घ्यावे.

पाण्याचे टँकर हा याच भागातला आणखी एक धडा. नळाला पुरेसे पाणी नसले की सोसायट्या टँकर मागवतात. टँकरवाल्याची मिळकत उत्पन्नात धरली जाते. गैरसोय धरली जात नाही. भामा आसखेडची योजना २०२१ च्या आरंभी सुरू झाली आणि पूर्व पुण्याला तिचे पाणी मिळू लागले. जेथे नळाला पाणी आले आणि टँकर बंद झाला तेथे लोकांचे जिणे सुधारले आणि उत्पन्नाचा आकडा किंचित खाली आला. नगर रस्त्यावर वाहनांच्या रांगेत जळणारे पेट्रोलही असेच उत्पन्नात भर घालते. वाढीच्या दरावरून एखाद्या भागाची कामगिरी ठरवताना ही एवढी सावधगिरी तरी हवी.

गाडगीळांचे पुणे

ज्या शहराविषयी हे सर्व लिहावे लागते त्याच शहरात मोजणीची एक थोर परंपरा होऊन गेली, याचे वैषम्य वाटते. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. तिचा आर्थिक भाग १९४५ साली आणि सामाजिक भाग १९५२ साली प्रसिद्ध झाला. कोण काय काम करतो आणि किती मिळवतो हे ज्याचे त्याला विचारून टिपण्याचा तो उद्योग होता. १९५६ साली सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी त्याच शहराची पुनर्पाहणी प्रसिद्ध केली. १९४९ साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबीस यांच्याबरोबर गाडगीळ होते, व्ही. के. आर. व्ही. राव होते. देशाचे उत्पन्न काढायला बसलेल्या तिघांपैकी एकाने आपल्या गावाच्या गल्ल्या आधी मोजल्या होत्या. तशी पाहणी आज खराडीची झाली तर ती किती बोलकी ठरेल!

याच संस्थेतील वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली महाराष्ट्राचा प्रादेशिक अनुशेष काढला. ती रक्कम सुमारे ३,१८७ कोटी रुपये होती. त्या अहवालावर वाद पुष्कळ झाले आणि होणे स्वाभाविक होते, पण समितीचा भर रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा बाबींवर होता, की ज्यांचा माग प्रत्यक्ष जमिनीवर काढता येतो. विदर्भाच्या कार्यकर्त्याला तो आकडा पटला नाही तर तो उठून आपल्या तालुक्यातले रस्ते मोजू शकत होता. जिल्हा-उत्पन्नातील सेवांच्या आकड्याबाबत त्याला असे काहीच करता येत नाही.

आणि आता प्रशासनाचा भर या आकड्यावर वाढत आहे. राज्याची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरची करण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले, २०२२ साली ‘मित्र’ ही संस्था स्थापन झाली, आणि जिल्ह्याला विकासाचे एकक मानून प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा तयार करण्याचे धोरण आले. धोरण चुकीचे नाही. मुंबईत बसून छत्तीस जिल्ह्यांची आखणी करण्यापेक्षा ते निश्चितच बरे. परंतु जिल्हाधिकाऱ्याने पाच वर्षे खपून आपल्या जिल्ह्यात दवाखाने, शीतगृहे, प्रवासी-निवास वाढवले आणि वाटपाचे प्रमाण जुनेच राहिले, तर त्याच्या कष्टांची खूण आकड्यात उमटणार नाही. उलट ज्याने काहीच केले नाही त्याला राज्याच्या वाढीतला वाटा आपोआप मिळेल. बक्षीस आणि ठपका दोन्ही चुकीच्या दारी जातील. शिवाय उत्पन्न जेथे निर्माण झाले तेथे ते राहतेच असेही नाही. खराडीतला पहारेकरी बीडला पैसे पाठवतो; त्याची मूल्यवृद्धी पुण्याच्या खात्यावर पडते आणि त्याच्या मुलाची शाळा बीडमध्ये असते. जिल्ह्याचे उत्पादन आणि जिल्ह्यातील लोकांची मिळकत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दरडोई उत्पन्न या एका शब्दाखाली दोन्हींची सरमिसळ होते.

सुधारणेला वाव आहे, आणि तो पूर्वीपेक्षा अधिक आहे. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहण्यांत जिल्हा हे निवडीचे मूळ एकक करण्यात आले. राज्यांनी आपल्या बाजूने नमुना वाढवला तर जिल्ह्यापुरते विश्वसनीय निष्कर्ष निघू शकतील. महाराष्ट्राने या कामी काटकसर करू नये. एखाद्या उड्डाणपुलाच्या भूमिपूजनाइतकाही गाजावाजा न होणारा हा खर्च आहे म्हणूनच तो नेहमी मागे पडतो. दुसरे असे की राज्याच्याच दप्तरात पुष्कळ माहिती विनावापर पडून आहे. व्यवसाय कर हा १९७५ च्या कायद्यापासून राज्याचा कर आहे. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले गेल्याचे पुष्कळ पगारदारांच्या पावतीवर दिसते. किती जणांचा कर कोणत्या कामाच्या ठिकाणाहून भरला गेला, एवढे एकच सदर विवरणपत्रात नीट भरून घेतले तर पगारी सेवकांची ठिकाणवार गणती दरवर्षी हाती येईल. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत व्यवसायाच्या इतर जागांचे पत्ते द्यावेच लागतात. त्या प्रत्येक जागेवर किती माणसे बसतात हेही विचारता येईल. महापालिकेच्या मिळकतकराच्या वहीत निवासी आणि बिगरनिवासी क्षेत्र वेगळे असते, महावितरणकडे व्यापारी जोडण्यांचा वापर असतो. यांपैकी एकही आकडा म्हणजे उत्पन्न नव्हे, परंतु २०११ च्या जुन्या कामगारसंख्येपेक्षा वाटपाचा आधार म्हणून यांतला प्रत्येक आकडा ताजा आहे.

तोवर संचालनालयाने एक गोष्ट विनाखर्च करावी. जिल्हा-उत्पन्नाच्या तक्त्यात प्रत्येक शाखेसमोर तो आकडा जिल्ह्यात मोजला गेला की राज्याच्या आकड्यातून वाटून आला, आणि वाटला असल्यास कोणत्या वर्षाच्या निर्देशकाने, हे एका स्तंभात छापावे. विद्यार्थ्याला, पत्रकाराला आणि आमदारालाही मग आकडा किती घट्ट धरायचा हे कळेल.

जनगणनेच्या घरयादीत प्रत्येक वास्तूचा उपयोग, म्हणजे निवास, दुकान, कचेरी, शाळा, दवाखाना असा, नोंदला जातो. १९४८ च्या कायद्याप्रमाणे व्यक्तीची माहिती गुप्त ठेवावी लागते, परंतु विभागवार संख्या प्रसिद्ध करण्यास त्याची आडकाठी नाही. २०२७ च्या जनगणनेची ही यादी खराडी, चंदननगर आणि मुंढवा या तीन भागांपुरती घेऊन तिच्यातून काही शे कचेऱ्या, दुकाने आणि घरे निवडता येतील. गोखले संस्थेच्या किंवा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या देऊन तेथे धाडता येईल, आणि जे आढळेल ते जिल्ह्याच्या वाट्याला आलेल्या आकड्याशेजारी मांडता येईल.